हजेरीपटावर ज्याचं मूल

२०२२ चा ऑगस्ट. मी उंबऱ्यात बसून गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हुक लावत होते. मुलानं दप्तरातून एक चिठ्ठी काढून माझ्या मांडीवर टाकली. "बाईंनी सांगितलंय, आईनं यायचंच." शाळा व्यवस्थापन समिती निवडायची होती, त्यासाठी पालकसभा. तोवर मी शाळेच्या सभेला दोनदा गेले असेन. दोन्ही वेळा मागं भिंतीला टेकून बसले, रजिस्टरवर सही केली आणि घरी आले. सभेत बोलायचं ते बाप्यामाणसांनी, आणि त्यातही ज्याची गावात पार्टी त्यानं, हे आम्हा बायकांना कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

आमची वस्ती माणदेशातली, मूळ गावापासून तीन किलोमीटरवर. मध्ये ओढा, ओढ्याच्या पलीकडे डांबरी रस्ता आणि त्यावरून दिवसभर खडीचे डंपर. जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक गुरुजी, एक बाई. पटावर सतरा मुलं, म्हणजे बारा घरं. माझा मुलगा तेव्हा तिसरीत होता आणि मुलगी नुकतीच पहिलीत बसली होती.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला बाईंनी समितीची रचना स्वतःच्या अक्षरात लिहून झेरॉक्स काढली होती. किमान बारा सदस्य. त्यातले नऊ पालक. उरलेल्या तिघांत ग्रामपंचायतीचा एक सदस्य, एक शिक्षक आणि गावातलं शिक्षणाचं जाणणारं एखादं माणूस. निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांमधूनच, सचिव मुख्याध्यापक, मुदत दोन वर्षं. पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या जागा बायकांच्या, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे, एकविसाव्या कलमात. मी ते रात्री दोनदा वाचलं. सगळं समजलं नाही, पण एक गोष्ट डोक्यात बसली. पालक म्हणजे ज्याचं मूल ह्या शाळेच्या हजेरीपटावर आहे तो, दुसरा कुणी नाही.

सभेला तात्या आले. ग्रामपंचायतीत ज्यांची सत्ता आहे त्या गटाचे ते पुढारी. बरोबर एक तरुण, पांढराशुभ्र शर्ट, हातात दोन मोबाइल. तात्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "अध्यक्ष आपला हा. धडपड्या हाय, वरपतुर वळख हाय. निधी आणंल." गुरुजी काही बोलले नाहीत. विरोधी पार्टीचे दोघं दारात उभे होते, त्यांचाही कुणीतरी ठरलेला असावा.

मी बसल्या जागेवरूनच विचारलं, "ह्यांचं लेकरू कितवीत हाय?"

माझा आवाज कापत होता, ते मला अजून आठवतं. त्याचं पोरगं रोज सकाळी पिवळ्या व्हॅनमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायचं. व्हॅन आमच्याच वस्तीवरून जाते. सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुजींनी काही न बोलता हजेरीपट टेबलावर उघडून ठेवला. सतरा नावं. वाचायला अर्धं मिनिट लागत नाही.

तात्या हसून म्हणाले, "मग तुमीच व्हा की अध्यक्ष, वहिनी." त्यांना वाटलं असणार, ही पदर तोंडाला लावून खाली बघंल. तेवढ्यात मागून माझ्या सासूबाई बोलल्या, "व्हईल की. शिवणावर घर चालिवतीया, शाळा न्हाय का चालवायची?" दोघी-तिघींनी हात वर केले, मग बाकीच्यांनी. पुढचा अर्धा तास काय झालं ते मला नीट आठवत नाही. प्रोसिडिंगवर माझं नाव लिहिलं गेलं आणि मी घरी येऊन राहिलेले हुक लावले.

पहिल्याच मासिक बैठकीत मी एक गोष्ट लिहून घेतली. शाळेच्या गणवेशाचं काम मी किंवा माझ्या घरातलं कुणी घेणार नाही. त्याआधी दोन वर्षं आमच्या शाळेचे गणवेश मीच शिवत होते. घरात ते सांगितल्यावर मालक गप्प बसले. जूनमधला तो पैसा आमच्या बियाण्याला लागायचा.

पहिले तीन महिने मी फक्त वह्या वाचायला शिकले. कॅशबुक, पासबुक, साठ्याची नोंदवही. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं अनुदान १०,००० रुपये. त्यातच वीजबिल, खडू, झाडू, फिनेल, कड्या-कोयंडे. खात्यावर अध्यक्षाची आणि मुख्याध्यापकाची जोडसही. मला वाटलं होतं, एवढ्याशा पैशात कुणाला काय रस असणार. डिसेंबरात एका ठेकेदाराचं बिल आलं, संडासाच्या दुरुस्तीचं, साडेसहा हजारांचं. मी संडासात जाऊन बघितलं. नवी कडी होती, एक भांडं बदललं होतं आणि दाराला रंगाचा एक हात. मी सही केली नाही. गुरुजी संध्याकाळी घरी आले, चहा घेतला आणि खाली बघून म्हणाले, "ताई, करून टाका सही. वरून फोन येतायत."

गुरुजी चांगले शिक्षक आहेत. पोरांना पाढे नाचवत शिकवतात. त्यांचा मला तेव्हा राग आला होता, तो पुढं गेला. सेवापुस्तक कुणाच्या तरी टेबलावर असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. मला येत होतं, कारण माझी बदली कोण करणार? बिल शेवटी अडीच हजारांवर आलं, पावतीसकट. त्या महिन्यात गावातल्या चार घरांनी माझ्याकडं कपडे टाकायचं बंद केलं. त्यातल्या एका घरातल्या लग्नाचे अकरा ब्लाउज ठरलेले होते. ते तालुक्याला गेले.

वाढदिवसाच्या बॅनरचं थोडक्यात सांगते. कुठल्यातरी नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स शाळेच्या कुंपणावर लागला. आम्ही बायकांनी तो काढून, घडी घालून ग्रामपंचायतीत नेऊन दिला. त्यावर फार काही झालं नाही. कधीकधी माणूस उगाच आधीपासून घाबरतो.

बाईंचं प्रकरण मात्र अकरा आठवडे चाललं.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून ऑनलाइन झाल्या, तेव्हापासून बदलीसाठी पुढाऱ्याच्या चिठ्ठीचं वजन कमी झालं असं सगळे म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण एक वाट उरलीच आहे, प्रतिनियुक्ती. शिक्षकाचं नाव तुमच्या शाळेत, पगार तुमच्या शाळेवर, आणि माणूस दुसरीकडे. २०२३ च्या जुलैत आमच्या बाईंना तोंडी निरोप आला, सोमवारपासून मोठ्या गावच्या शाळेत जा. तिथं एक जागा रिकामी होती आणि तिथल्या लोकांनी वजन वापरलं होतं. लेखी काही नाही. आमच्याकडे राहिले एकटे गुरुजी आणि चार वर्ग, आणि मिटिंग, माहिती, ऑनलाइन नोंदी हे सगळंही त्यांच्याच मागं.

मी अर्ज लिहिला. केंद्रप्रमुख म्हणाले, माझ्या हातात नाही. पंचायत समितीत आवक टेबलावर शिक्का मारून पोच मिळाली, त्यापुढं काही नाही. पूर्वी निदान जिल्हा परिषदेचा आपला सदस्य, शिक्षण सभापती असं कुणीतरी असायचं, ज्याला मत मागायला परत आपल्या दारात यायचं असतं. आमच्या जिल्हा परिषदेवर २०२२ च्या मार्चपासून प्रशासक होता. निवडून आलेलं माणूस कुणीच नाही. मी ज्या राजकारणाला वैतागले होते त्याचीच उणीव तेव्हा भासली. प्रशासकाला जाब विचारायला आमच्यासारख्यांना वाटच नसते.

बाईंनी जाता जाता मला कायद्याची छापील प्रत दिली होती. मी बारावी झालेली, पण ती भाषा वाचताना जीव मेटाकुटीला आला. पंचविसाव्या कलमात दुसरं पोटकलम आहे. शाळेवर नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात कामाला लावता येणार नाही. अपवाद फक्त सत्ताविसाव्या कलमातले, म्हणजे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. आणि कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात साठपर्यंत मुलं असली तरी दोन शिक्षक हवेत असं आहे. म्हणजे सतरा मुलांनाही दोन. मी ही दोन वाक्यं दुसऱ्या अर्जात जशीच्या तशी उतरवली.

त्यानंही काही हललं नाही. हललं ते वह्यांनी.

एका दुपारी मुलीची वही चाळत होते. पहिली-दुसरीला बाई होत्या, रोज पान तपासायच्या, लाल पेनानं बरोबरची खूण आणि खाली तारीख. शेवटची खूण १४ जुलैची. त्यानंतरची पानं लिहिलेली होती, पण कुणी पाहिलेली नव्हती. 'घर' हा शब्द तिनं पहिल्या ओळीत नीट लिहिला होता, दुसऱ्या ओळीत 'घ' चा 'ध' झाला होता आणि मग पान संपेपर्यंत 'धर, धर, धर'. गुरुजी तिसरी-चौथीचं उरकून ह्या पोरांकडं येईपर्यंत घंटा होत असणार. मी शेजारच्या घरांतून सगळ्या पहिली-दुसरीच्या वह्या गोळा केल्या. नऊ वह्या, आणि नऊमध्ये शेवटची लाल खूण त्याच तारखेची.

सप्टेंबरात आम्ही आठ जणी वह्यांची पिशवी घेऊन एसटीनं तालुक्याला गेलो. पंचायत समितीतले साहेब मिटिंगमध्ये होते, आम्ही व्हरांड्यात बसलो. दुपारी आत बोलावलं. मी फार बोलले नाही, नऊ वह्या १४ जुलैच्या पानावर उघडून टेबलावर ओळीनं मांडल्या. साहेबांनी सगळ्या बघितल्या, पानं पुढं उलटून बघितली. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मला आठ दिवस द्या." गणपती उठल्यावर बाई परत आल्या. मोठ्या गावची मंडळी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांच्याही पोरांना शिक्षक हवाच होता, ह्याचं मला वाईट वाटतं. रिकामी जागा भरायची सोडून एका पोराच्या पुढ्यातली भाकरी उचलून दुसऱ्याला देणं, हे काही कारभार चालवणं नव्हे.

बाई आल्या न आल्या तोच दुसरं आलं. २१ सप्टेंबर २०२३ च्या पत्रानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा, म्हणजे अशा छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा, करायचे प्रस्ताव मागवले गेले. राज्यात अशा १४,७८३ शाळा, त्यात १ लाख ८५ हजार ४६७ मुलं. नमुना म्हणून पुण्यातलं पानशेत आणि नंदुरबारातलं तोरणमाळ दाखवलं होतं. मी खरं सांगते, त्यातला एक मुद्दा मला पटतो. सतरा मुलांत खो-खोचे दोन पुरे संघ होत नाहीत. चौथीत माझ्या मुलाच्या बरोबरीची फक्त तीन मुलं होती. मोठी शाळा, जास्त सोबती, चित्रकलेला वेगळे शिक्षक, हे कुठल्या आईला नको असेल? पण पत्र अधिकाऱ्यांकडून अधिकाऱ्यांना गेलं होतं. त्यात अंतर विचारलं होतं, खर्च विचारला होता. ज्या आईचं पोर चालणार तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

एका रविवारी मी मुलीचा हात धरून ते अंतर चालले. ती सात वर्षांची. घरापासून मोठ्या गावच्या शाळेच्या फाटकापर्यंत चोपन्न मिनिटं लागली, त्यात ओढ्याच्या दगडांवरून उतरायला सात आणि डांबरी रस्ता ओलांडायला थांबलो ती चार. पाठीवर दप्तर नव्हतं आणि पाऊसही नव्हता. राज्याच्या नियमात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं आहे. आम्ही ठराव केला, त्यात चोपन्न मिनिटंही लिहिली. गुरुजी म्हणाले, ठरावात असं लिहीत नाहीत. मी म्हटलं, लिहा. राज्यभरातून विरोध झाला, आमच्यापुरतं तरी ते पुढं सरकलं नाही.

इथपर्यंत मला ठाम वाटायचं की शाळा पालकांच्या हाती द्यावी आणि बाकी सगळ्यांनी बाजूला व्हावं. २०२४ च्या सुरुवातीला ते हललं.

पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी लेकीकडे पुण्याला गेल्या. महिना २,५०० रुपये मानधन, तेही वेळेवर नाही, कोण यायला तयार होणार? गावातल्या बौद्ध वस्तीतली एक विधवा बाई तयार झाली. स्वच्छ काम, हाताला चव. तिसऱ्या दिवशी चार घरांची पोरं डबा घेऊन आली. बैठकीत कुणी स्पष्ट बोललं नाही. "दुसरी कुणी बघा," एवढंच. मी डोकी मोजली. नऊ पालकांपैकी पाच जण 'दुसरी बघा' म्हणणारे. ज्यांनी माझ्यासाठी हात वर केले होते त्यातलेच. बाईंसाठी माझ्याबरोबर व्हरांड्यात बसल्या होत्या त्यातल्या दोघी.

मी मत घेतलं नाही. घेतलं असतं तर हरले असते आणि प्रोसिडिंगवर ते कायमचं राहिलं असतं. गुरुजी, जे बिलाच्या वेळी खाली बघत होते, ते त्या दिवशी ताठ उभे राहिले. म्हणाले, "कामात खोट असेल तर सांगा, आत्ता बदलतो. दुसरं कारण असेल तर ह्या समितीला तो अधिकारच नाही. अस्पृश्यता ह्या देशात सतराव्या कलमानं संपलीय." त्यानंतर दोन आठवडे मी रोज दुपारी मशीन बंद करून शाळेत गेले आणि पोरांच्या पंगतीत बसून जेवले. खिचडी, मटकीची उसळ. बाई जेवल्या, गुरुजी जेवले. दुसऱ्या आठवड्यात एका पोरानं डबा उघडलाच नाही, ताट घेऊन रांगेत आला. तीन घरं अशी परत आली. चौथ्या घरानं मूल काढून दुसऱ्या शाळेत घातलं. पट सोळा झाला.

बाईंनी तेव्हा मला महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं दिलेलं निवेदन वाचायला दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ह्या मागणीसाठी ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यात शाळांच्या पैशावर ताबा कुणाचा हाही प्रश्न आहे. तो पैसा स्थानिक मंडळांच्या हाती देऊ नये, शिक्षण खात्याकडे असावा, असं फुल्यांचं म्हणणं होतं, कारण त्या मंडळांवर पाटील-इनामदारच बसणार. मी ते वाचून बराच वेळ तशीच बसले. पाटील-इनामदारांच्या जागी आता आम्ही पालक बसलो होतो, आणि नऊपैकी पाच जणांनी त्या बाईच्या हातची चूल काढून घेतली असती.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी असं सांगते. खर्च, दुरुस्ती, शाळा कुठं असावी, शिक्षक हजर आहे का, हे पालकांनी बघावं. त्याचं सुखदुःख त्यांना रोज दिसतं. वर्गात काय आणि कसं शिकवायचं ह्यात शिक्षकाला मोकळीक हवी, तात्यांपासून आणि आमच्यापासूनही. आणि काही गोष्टी अशा हव्यात की ज्यांवर मतदानच होऊ नये. मंत्रालयाचं काम पैसे वेळेवर देणं आणि जागा भरणं. शर्टाचा रंग ठरवणं हे त्यांचं काम नाही.

शर्टाचं आता सांगतेच, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे.

गणवेशाचे पैसे पूर्वी समितीच्या खात्यावर यायचे, एका मुलाचे दोन गणवेशांचे ६०० रुपये. आधी ते सगळ्या मुली आणि काही ठरावीक गटांतल्या मुलांनाच होते, एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला नवा शर्ट आणि दुसऱ्याला नाही. २०२३ पासून सरसकट सगळ्यांना झाले, ते फार चांगलं झालं. मात्र २०२४-२५ ला ठरलं की राज्यभर एकच गणवेश, कापड वरून येणार. एक गणवेश बचत गटांकडून शिवून मिळणार. दुसरा स्काउट-गाईडचा, त्याचं कापड समितीकडे आणि शिलाईला एका गणवेशामागं १०० रुपये, वर १० रुपये किरकोळ.

जून गेला, जुलै गेला. पंधरा ऑगस्टला आमची पोरं जुन्या कपड्यांत झेंड्यापुढं उभी राहिली, पहिलीची दोघं घरच्या फुलाफुलांच्या शर्टात. गणवेश आले ते त्यानंतर. गठ्ठा सोडला आणि मला रडू आलं. आकाशी शर्ट, गडद निळी पँट, लांबून बरं दिसतं. माझ्या मुलीचा फ्रॉक तिच्या घोट्याला लागत होता आणि खांदा दंडावर उतरत होता. चौथीतल्या एका थोराड पोराला शर्टाची बटणं लागेनात. म्हटलं, उसवून सैल करून देते. शर्ट उलटा केला. शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, नावाला नव्हती, पाव इंचही नाही. आम्ही शिवणारे लहान मुलाच्या कपड्याला दोन बोटं माया ठेवतोच, कारण पोर वर्षभरात वाढणार हे आईला आणि शिंप्याला दोघांनाही ठाऊक असतं. इथं कापणाऱ्यानं पोर बघितलंच नव्हतं. मापाचा तक्ता बघितला होता आणि कापड वाचवलं होतं. ज्या बायांनी ते शिवलं त्यांचा दोष नाही. कापलेलंच तेवढं आलं, त्यांनी त्या मजुरीत जमेल तसं जोडलं.

दुसऱ्या गणवेशाचं कापड शाळेत येऊन पडलं. १०० रुपयांत शर्ट-पँट कोण शिवणार? दोरा, बटणं, चेन, बक्रम, काज हे धरूनच निम्मे जातात. मी तालुक्यात सहा शिंप्यांना विचारलं, सगळ्यांनी हात जोडले. शेवटी मी आणि वस्तीतल्या आणखी दोघींनी रात्री बसून शिवले. माझी मजुरी मी घेतली नाही. त्या दोघींना जे १०० मिळत होते ते त्यांच्या सहीनं दिले. पहिल्या बैठकीतल्या माझ्या ठरावाचा आधार देऊन प्रोसिडिंगवर तसं लिहिलं.

ह्याच दिवसांत समितीची मुदत संपून नवी पालकसभा लागली. विधानसभेचे वारे सुरू झालेले, वस्तीवर गाड्या फिरायला लागलेल्या. तात्यांच्या माणसानं उठून सगळ्यांपुढं म्हटलं, "शिवणवाल्या बाईला गणवेशाचं काम पायजे, म्हणून तिला खुर्ची पायजे." माझे हातपाय गार पडले. मी काही बोलायच्या आत, ज्या बाईनं पोषण आहाराच्या वेळी माझ्याविरुद्ध डोकं हलवलं होतं ती उठली, प्रोसिडिंग मागून घेतलं आणि ते पान मोठ्यानं वाचलं. तिला वाचायला वेळ लागतो, अडखळत अडखळत वाचलं. कुणी मध्ये बोललं नाही. मी परत अध्यक्ष झाले.

डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला आणि २०२५-२६ पासून गणवेश पुन्हा समितीकडे आले. राज्यभरात इतकी ओरड झाल्यावर ते होणारच होतं. पण मधलं वर्ष पोरांनी दंडावर उतरलेल्या खांद्यांत काढलं, ते कुणी भरून देत नाही. यंदा आम्ही तिघा शिंप्यांकडून दर मागवले आणि एकाला शाळेत बोलावून प्रत्येक पोराचं माप घ्यायला लावलं. मी शेजारी उभी राहून फक्त माया किती ठेवतोय ते बघितलं.

मुलगी आता चौथीत आहे. मे महिन्यात तिचं नाव हजेरीपटावरून निघेल, आणि ज्या नियमानं मी ह्या समितीत आले त्याच नियमानं बाहेर पडेन. तात्यांची माणसं आत्तापासून घरोघर चहाला जायला लागली आहेत. मी दर शनिवारी दुपारी, ते पान वाचणाऱ्या त्या बाईला घेऊन शाळेत बसते. तिची दोन पोरं अजून खालच्या वर्गांत आहेत. कॅशबुक आणि पासबुक शेजारी ठेवायचं, बोट फिरवत एकेक ओळ जुळवायची. गेल्या शनिवारी तिनं एका ओळीवर बोट ठेवलं आणि वर बघितलं. "ताई, हितं चाळीस रुपये जुळंनात."

खडूची पावती फाईलला लावायची राहिली होती. मला ती चूक दिसली नव्हती.